कोल्हापूरच्या पुढे रूळ कधी? रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार
यांस सविनय नमस्कार.

मिरजेहून निघालेला लोहमार्ग १८९१ साली कोल्हापुरात पोहोचला आणि तिथेच संपला. तो आजही तिथेच संपतो.

या मार्गाची पहिली कुदळ १८८८ मध्ये मारली ती राज्याधिकार मिळण्याआधीच्या, किशोरवयातल्या शाहू महाराजांनी. पुढे कारभार हाती आल्यावर त्यांनी रेल्वेच्या भरवशावर काय काय उभं केलं, ते पाहावं. १८९५ मध्ये स्टेशनाच्या अंगाला शाहूपुरी पेठ वसवली, तिथे गुळाचे सौदे सुरू झाले आणि कोल्हापुरी गुळाचे रवे दूरदूरच्या बाजारात जाऊ लागले. १९०६ मध्ये कापड गिरणी काढली. १९१७ मध्ये याच मार्गावर जयसिंगपूर आखून वसवलं. पलीकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखान्यासाठी जो ओसाड माळ घेतला, तो कुंडल रोड स्टेशनाजवळचा. आधी रूळ आले, मग माणसं आणि यंत्रं आली.

म्हणूनच कोल्हापूरहून कोकण रेल्वेवरच्या वैभववाडीला जाणाऱ्या नियोजित मार्गाबाबत ‘आधी पुरेशी मालवाहतूक दाखवा’ हा सूर ऐकला की वाईट वाटतं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरच्या फाउंड्र्यांत ओतलेली कास्टिंग्ज देशभरच्या वाहनांत आणि पंपांत बसतात. कच्चं लोखंड, कोक, तयार माल, सगळं वजनदार. खरं तर रेल्वेनंच न्यावं असं. पण कोकणातल्या बंदरांकडे जायला आमच्याकडे फक्त घाटरस्ते आहेत आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तेही बंद. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावते आहे. तिला कोल्हापूर जोडणारा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात मंजूरही झाला. सह्याद्री उतरणं अवघड आहे, हे मान्य. पण बोरघाटातून गाडी १८६३ मध्येच चढली होती, तीही आजची यंत्रं नसताना.

मिरज-कोल्हापूर पट्टा अजून एकेरीच आहे. हातकणंगले, रुकडीहून कॉलेजला आणि कामाला येणारी पोरं क्रॉसिंगसाठी गाडीत ताटकळतात. मिरजेच्या दवाखान्यात निघालेल्या पेशंटचंही तेच.

दोनच मागण्या आहेत. वैभववाडी मार्गाला पुरेसा निधी देऊन काम सुरू करण्याची तारीख जाहीर करा आणि मिरज-कोल्हापूर दुहेरीकरण हाती घ्या. तारीख आपण स्वतः कोल्हापुरात येऊन, इथल्या उद्योजकांसमोर आणि प्रवाशांसमोर सांगावी, ही विनंती.

आपला,
कोल्हापूरचा एक रेल्वे प्रवासी