आज जाळायचं नाही, असं म्हणायला शिकवणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

या वसंतात तुम्ही निवृत्त झालात. निरोपाच्या जेवणाला मी इंग्रजीत चार वाक्यं बोलले आणि पुढचा वक्ता उभा राहिला. राहिलेलं मराठीत लिहिते आहे, कारण तुमचे आभार मला माझ्या माणसांसमोर मानायचे आहेत. मी इलिनॉयमध्ये निसर्ग राखणाऱ्या एका संस्थेत प्रकल्प सांभाळते, एवढं रोह्याकडे घरी ठाऊक आहे. पण वसंताच्या तोंडावर मी पिवळा अग्निरोधक शर्ट घालून वाळलेल्या माळाला आग लावायला जाते, आणि ते काम मला साठी ओलांडलेल्या एका बाईंनी शिकवलं, हे मी तिथे कुणाला नीट सांगितलेलं नाही. शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला आम्ही बाई म्हणतो. मनातल्या मनात मी तुम्हाला पहिल्या हंगामापासून बाईच म्हणत आले.

वाचणाऱ्यांसाठी आधी माळाबद्दल लिहिते. तुम्हाला हे तोंडपाठ आहे. इलिनॉयमध्ये कधीकाळी सुमारे २ कोटी २० लाख एकरांवर प्रेअरी होती, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या वर जाणाऱ्या गवतांचा आणि शेकडो रानफुलांचा माळ. पोटावाटोमी आणि इतर मूळ रहिवासी हा माळ पिढ्यान्‌पिढ्या जाणूनबुजून जाळत आले होते. शिकारीसाठी, कोवळ्या चाऱ्यासाठी, वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून. १८३० च्या दशकात त्यांना इथून हुसकावलं गेलं आणि त्यांच्याबरोबर त्यांची आगही गेली. १८३७ मध्ये याच राज्यातल्या ग्रँड डीटूर गावात जॉन डीअर या लोहाराने चिकट काळ्या मातीत न अडकणारा पोलादी नांगर बनवला, आणि पुढच्या काही दशकांत माळ नांगराखाली गेला. आज मूळ रूपातली चांगली प्रेअरी एक टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढी उरली आहे. तीही कुठे, तर जुन्या दफनभूमींच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत, नांगर पोचला नाही अशा टेकाडांवर.

या उरलेल्या तुकड्यांना आगीची गरज असते. ती मिळाली नाही तर काही वर्षांतच झुडपं शिरतात, सावली धरतात आणि गवत, फुलं, त्यांवर जगणारे किडे, पक्षी सगळं मागे हटतं. प्रेअरीच्या झाडोऱ्याचा मोठा भाग जमिनीखाली मुळांत असतो. वरचं जळलं तरी काळ्या, ऊन धरणाऱ्या मातीतून तो पुन्हा जोमाने फुटतो. बर ओक या झाडाची साल जाड, तोही तग धरतो. एका वर्षी सगळा माळ मात्र कधीच जाळायचा नाही. एखादा हिस्सा जाळायचा, बाकीचा किड्यांच्या अंड्या-कोषांसाठी राखून ठेवायचा. हे तुम्ही मला माळावर चालता चालता सांगितलंत, आणि तेव्हापासून नकाशावरचे तुकडे मला वेगळे दिसायला लागले.

मी तुमच्याकडे आले ती कागदांची माणूस म्हणून. पुण्यात सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळले होते, इथे अनुदानं, अहवाल, वेळापत्रकं सांभाळायला घेतलं होतं. संस्थेत बाहेर काम करणारे आणि आत काम करणारे असे दोन गट आपोआप पडतात. तुम्ही पहिल्याच महिन्यात जाळण्याची योजना माझ्या टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, वाच, आणि जिथे तुला समजत नाही तिथे खूण कर. कशासाठी जाळायचं, वारा ताशी ५ ते १५ मैल, दिशा कुठली चालेल, आर्द्रता किती खाली गेली की थांबायचं, धूर कुठल्या रस्त्यावर, कुठल्या शेजाऱ्याकडे जाईल, आग सुटली तर कोण कुठे धावेल, कुणाला फोन. मी खूण केली त्या प्रत्येक जागी तुम्ही बसून उत्तर दिलंत, आणि काही जागी योजनाच बदललीत. जिला आग लावायची टॉर्च कशी धरतात हेही माहीत नव्हतं, तिच्या शंकेवरून.

माझ्यावरचा तुमचा सगळ्यात मोठा उपकार मात्र एका करारातला आहे. अनुदानाच्या मसुद्यात काम मोजायचं होतं ते एकरांत. जूनअखेर अमुक एकर जाळलेले दाखवा, पैसे घ्या. असे करार सगळीकडे असतात आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. देणाऱ्यालाही कुणाला तरी हिशेब द्यायचा असतो. तुम्ही तो मसुदा वाचलात आणि मला विचारलंत, वारा वाईट आहे आणि जूनअखेर जवळ आली आहे, अशा दिवशी हा कागद बर्न बॉसच्या, म्हणजे जाळण्याचं काम चालवणाऱ्या प्रमुखाच्या, कानात काय सांगेल? मी गप्प झाले. मग आपण दोघींनी ते कलम पुन्हा लिहिलं. तुकड्याभोवतीचा आग अडवणारा पट्टा तयार आहे का, योजना तपासून सही झाली आहे का, शेजाऱ्यांना कळवलं आहे का, किती माणसं शिकून तयार झाली, हे सगळं काम म्हणून मोजायचं. आणि हवामान जमलं नाही तर तो तुकडा पुढच्या हंगामात जाईल, दंड नाही. देणाऱ्या संस्थेने ते मान्य केलं, कारण तुम्ही स्वतः त्यांच्याशी बोललात. आगीपासून दूर बसलेल्या माणसाचं खरं काम काय, ते मला त्या दिवशी कळलं. माळावर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणता यावं, एवढी जागा कागदावर आधीच करून ठेवायची. प्रकल्प व्यवस्थापनाचे इतके अभ्यासक्रम केले, पण हे कुठे ऐकलं नव्हतं.

त्या कलमाची परीक्षा लवकरच झाली. एप्रिलची सुरुवात, हंगाम संपत आलेला, कासवं जमिनीतून वर यायच्या आत एक तुकडा उरकायचा होता. अनुदान देणाऱ्यांकडून पाहुणे आले होते. पाण्याची गाडी भरलेली, ब्लोअरने कडेचे पट्टे झाडून काढलेले, ड्रिप टॉर्चमध्ये डिझेल-पेट्रोलचं मिश्रण तयार, सकाळचे सगळे आकडे योजनेत बसणारे. तुम्ही सगळ्यांना गोलात उभं केलंत आणि नेहमीसारखं सगळ्यात नव्या माणसापासून विचारायला सुरुवात केलीत. तो कॉलेजातला मुलगा होता. तो म्हणाला, दुपारनंतर वारा वायव्येचा होणार असा अंदाज आहे आणि आग्नेयेला हायवे आहे. आदल्या दिवशी तो तुकड्यातून चालून आला होता. पडलेले जुने ओक बरेच आहेत, ते रात्रभर धुमसले आणि थंड हवेत धूर खाली बसला तर रस्त्यावर गाड्यांना दिसणार नाही.

तुम्ही त्याला ओंडके नेमके कुठे आहेत ते नकाशावर दाखवायला लावलंत. हवामान खात्याला फोन करून ताजा अंदाज घेतलात. मग म्हणालात, आज नाही.

पुढे जे केलंत ते मला त्या निर्णयाहून मोठं वाटतं. पाहुण्यांना गाडीपाशी उभं करून माफी मागितली नाहीत. त्यांना घेऊन त्या ओंडक्यांपर्यंत चालत गेलात आणि तिथून हायवे कसा दिसतो ते दाखवलंत. उरलेला दिवस पंप आणि होज हाताळण्याच्या सरावात घालवलात. संध्याकाळी नोंदवहीत त्या मुलाचा मुद्दा त्याच्या नावानिशी लिहिलात. आपल्यामुळे सगळ्यांचा दिवस गेला, असं त्याला क्षणभरही वाटू दिलं नाहीत. तो तुकडा नोव्हेंबरमध्ये जळला, ओंडके आधी बाजूला काढून. तो मुलगा आज दुसऱ्या राज्यात स्वतःचा क्रू सांभाळतो.

तुमच्या या काटेकोरपणामागे काय होतं, तेही तुम्ही लपवलं नाहीत. प्रत्येक नव्या माणसाला तुम्ही सुटलेल्या आगींचे चौकशी अहवाल वाचायला लावायचात. मे २००० मध्ये न्यू मेक्सिकोत नियोजनाने लावलेली आग सुटून सेरो ग्रांडेचा वणवा झाला आणि लॉस अलामोसमधली शेकडो कुटुंबं बेघर झाली. २०२२ मध्ये त्याच राज्यात पुन्हा तेच. जानेवारीत पेटवलेले लाकडांचे ढीग बर्फाखाली धुमसत राहिले, एप्रिलमध्ये वाऱ्याने वर आले, आधीच सुटलेल्या दुसऱ्या नियोजित आगीला मिळाले, आणि ३ लाख ४० हजारांहून जास्त एकर जळाले. देशाच्या वनसेवेला नियोजित आगी ९० दिवस थांबवाव्या लागल्या. ज्यांची घरं गेली त्यांना आपण प्रेअरीच्या फुलांबद्दल काय सांगणार, हा तुमचा प्रश्न. म्हणूनच सगळे थकून गाडीकडे वळले की तुम्ही हातमोजा काढून राखेत फिरायचात, उलट्या हाताने एकेक बुंधा, एकेक शेणाचा पो चाचपत. मी ते तुमच्याकडूनच उचललं.

बाई, एक गोष्ट तुम्ही कदाचित विसरलाही असाल. ट्रकमध्ये तुम्ही मला विचारलं होतं, तुमच्याकडे आग कोण लावतं? वणव्यांबद्दल सांगितलं, उन्हाळ्याआधी वनखातं जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला जाळून मोकळे केलेले पट्टे, काढतं तेही सांगितलं. मग राबाचं निघालं. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. शेण, कवळ (तोडलेल्या पालेदार फांद्या), पाचोळा, गवत पसरून वर बारीक माती टाकतात. आजोबा पेटवायचे ते वारा जिकडे जातो त्या टोकाने. मग आग वाऱ्याशी भांडत हळूहळू मागे सरकते, माती खोलवर भाजते आणि ठिणगी शेजारच्या माळात जात नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या सकाळी क्रूला बॅकिंग फायर, म्हणजे अशीच वाऱ्याविरुद्ध सरकणारी आग, समजावताना मला पुढे बोलावलंत आणि म्हणालात, हिच्या घरी हे आपल्या आधीपासून करतात, ती सांगेल. मी आजोबांचा राब इलिनॉयच्या माळावर उभी राहून सांगितला. त्या दिवसापासून मी क्रूमध्ये पाहुणी राहिले नाही.

मला अजूनही घरून विचारतात, मग हे सह्याद्रीत का करत नाही? तिथला डोंगर, पाऊस, झाडोरा वेगळा आहे, आणि तिथे लागणारी बहुतेक आग माणसाने लावलेली किंवा त्याच्या बेफिकिरीने लागलेली असते. इथलं तंत्र उचलून तिथे नेणं धोक्याचं ठरेल. पण तुमचं माणसं सांभाळणं कुठेही नेता येईल. सगळ्यात नव्याने आधी बोलायचं. काम झाल्यावर लगेच गोलात उभं राहून विचारायचं: काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय. आगीतून निसटायची वाट आणि सुरक्षित जागा प्रत्येकाने बोटाने दाखवल्याशिवाय टॉर्च पेटवायची नाही. वणव्यात जिवावर उदार होऊन झाडाच्या फांद्यांनी आग झोडपणारे आपल्याकडचे वनमजूर आणि गावकरी मला आठवतात, आणि वाटतं, त्यांनाही कुणीतरी गोलात उभं करून विचारायला हवं, तुला काय दिसतंय?

४५ पौंड पाठीवर घेऊन ४५ मिनिटांत ३ मैल चालायच्या चाचणीआधी तुम्ही माझ्याबरोबर पहाटे चाललात, त्याचेही आभार. बायकांसाठी जे अग्निप्रशिक्षण २०१६ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात पहिल्यांदा भरलं, तसल्या शिबिराला माझं नाव न विचारता पाठवलंत, त्याचेही. तिथे आगीच्या कामात वर्षं काढलेल्या बायका एकत्र पाहिल्या आणि मलाही एक दिवस बर्न बॉस व्हायचं आहे, हे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले.

आता कामाचं. रेल्वेलगतच्या तुकड्याची शरदातली योजना मी लिहिते आहे. बर्न बॉसच्या जागी सही दुसऱ्या कुणाची असेल, माझं प्रशिक्षण अजून चालू आहे. पूर्वेकडच्या घरात नवीन बाळ आलं आहे, म्हणून वाऱ्याच्या चालणाऱ्या दिशांमधून पश्चिम काढून टाकली आहे. त्यामुळे जाळता येण्याजोगे दिवस कमी उरतात, पण करारात ती सोय आहे. मसुदा पुढच्या आठवड्यात पाठवते. जिथे शंका येईल तिथे खूण करा.

तुमची ऋणी,
तुमच्या क्रूमधली, रोह्याची