छर्‍याच्या बंदुकीची घडणावळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोप-अमेरिकेतील संग्राहक दुर्मिळ एअर रायफलींसाठी काय किमती मोजतात, याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. ‘जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीला एवढे पैसे?’ असा त्याचा एकंदर सूर होता. मला बंदुकांचा शौक कधीच नव्हता, परंतु आयुष्याची छत्तीस वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची साचे-हत्यारे घडवणार्‍या विभागात, गेली असल्यामुळे हा सूर मला अर्धाच पटला.

जत्रेतील बंदूक आणि या रायफली यांचे मूळ तत्त्व एकच आहे. स्प्रिंग दाबून अडकवून ठेवायची. चाप ओढला की ती दट्ट्याला पुढे फेकते, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. गोम अशी की, छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच बंदूक हललेली असते, कारण दट्ट्या पुढे सुटताना ती मागे येते आणि दाबलेल्या हवेवर आपटून तो थबकला की पुढे हिसका खाते. हा दुहेरी हिसका घालवायचा कसा, या एकाच प्रश्नावर काही इंजिनिअरांनी उमेदीची वर्षे खर्ची घातली. जर्मनीतील ओबेर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीने ३०० मालिकेच्या रायफलींत नळीसह सगळी यंत्रणाच रुळांवर बसवली, जेणेकरून हिसका बसला तरी ती दस्त्यातल्या दस्त्यात मागे सरकावी आणि नेमबाजाच्या खांद्याला काही कळू नये. जर्मनीच्याच डायना कंपनीने कुर्ट गिस या इंजिनिअरच्या पद्धतीने दोन दट्ट्ये घातले. त्यांतील पुढचा हवा दाबतो आणि मागचा निव्वळ तोल राखण्यासाठी उलट दिशेला धावतो. ब्रिटनमधील जॉन व्हिस्कोम यांनी याच्याही पुढे जाऊन दोन दट्ट्ये समोरासमोर ठेवले आणि दोघांनाही कामाला लावले.

मुलाकडे बर्मिंगहॅमला गेलो असताना, त्याच्या शेजारी राहणार्‍या एका निवृत्त गृहस्थांनी त्यांच्याकडील व्हिस्कोम रायफल मला हाताळू दिली. खालचा दांडा एकदा ओढून भागत नाही, तो पुन्हा पुन्हा ओढावा लागतो, तेव्हा कुठे दोन्ही स्प्रिंगा पूर्ण दबतात. मागच्या अंगणात त्यांनी ती माझ्या खांद्याला लावली. चाप ओढल्यावर ‘टक्’ असा आवाज झाला आणि समोरच्या कागदाला भोक पडले, पण माझ्या गालाखालचा दस्ता जिथल्या तिथे होता. मी छर्‍यापेक्षा त्या दस्त्याकडेच अधिक वेळ पाहत राहिलो. लाकूड आणि पोलाद जिथे मिळतात त्या सांध्यावरून अंगठ्याचे नख फिरवले. ते कुठेही अडले नाही. नळी बदलून वेगळ्या मापाचा छर्रा वापरता येतो, आणि नळीच्या तोंडाशी असलेले वजन मागेपुढे सरकवून तिची थरथर त्या त्या छर्‍याला जुळवून घेता येते.

सवयीप्रमाणे माझे मन जॉब-कार्ड, म्हणजे कामाच्या टप्प्यांची यादी, भरू लागले. दोन दट्ट्ये एकाच क्षणी मध्यावर भेटायचे, म्हणजे त्यांची वजने, दोन्ही स्प्रिंगांचा जोर आणि सिलिंडरमधील घर्षण ही सगळी जोडी जमली पाहिजे. सिलिंडर आतून गुळगुळीत घासायला होनिंग हवे. पोलाद टणक करायला हार्डनिंग केले की जॉब (घडवायचा भाग) वाकतो, म्हणून पुन्हा मापात घासायला ग्राइंडिंग आले. शेवटची जुळणी मशीनवर होत नाही. तिथे अनुभवी फिटरच बसवावा लागतो आणि त्याला घाई करता येत नाही. त्यातून नग मोजके, म्हणजे काम पकडून ठेवणार्‍या खास साच्यांचा, जिग-फिक्स्चरचा, सगळा खर्च त्या मोजक्या नगांवरच पडणार. आमच्या टूलरूमला अशा एकाच नगाचे कोटेशन मागितले असते, तर आकडा पाहून गिर्‍हाईक चहासुद्धा न घेता उठले असते. म्हणून नव्या रायफलीसाठी कारागिराने मागितलेली किंमत मला मुळीच अवाजवी वाटत नाही.

मात्र सोनाराच्या बिलात सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी लिहिलेली असते, तशी सोय संग्राहकांच्या बाजारात नाही. तिथे कारागिरी आणि दुर्मिळता यांचा एकच आकडा सांगितला जातो आणि तो सगळा ‘इंजिनिअरिंग’च्या नावावर खपवला जातो. माझा आक्षेप आहे तो एवढ्यालाच. अमेरिकेतील शेरिडन कंपनीचे उदाहरण पाहावे. त्यांनी १९४७ साली ‘मॉडेल ए’ ही हाताने पंप मारायची रायफल काढली आणि किंमत ठेवली साडेछप्पन्न डॉलर. काम उत्तम होते, पण एवढे पैसे देणारे फारसे कोणी भेटले नाही; सुमारे २,१०० नगांनंतर ती बंद पडली आणि कंपनी तरली ती तिच्या स्वस्त भावंडांवर. आज संग्राहक तिच्यामागे धावतात ते ती दुर्मिळ आहे म्हणून, आणि ती दुर्मिळ आहे ती त्या काळी खपली नाही म्हणून. तिचे पोलाद आणि पितळ १९४७ मध्ये जेवढे चांगले होते, त्याहून आज काही अधिक चांगले झालेले नाही.

अचूकतेचा मुद्दाही विक्रेते पुढे करतात. तो फाइनवेर्कबाऊ ३०० च्या काळात खरा होता. आता दहा मीटरच्या स्पर्धेत स्प्रिंगची रायफल कोणी आणत नाही. सगळे नेमबाज आधीच हवा भरलेल्या सिलिंडरच्या रायफली वापरतात. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला तो अशाच रायफलीवर, आणि तिथे दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे निव्वळ नेम साधायचा असेल, तर दोन दट्ट्यांच्या खटाटोपाची आज गरज उरलेली नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने अठराव्या शतकात वापरलेल्या गिरांडोनीसारख्या रायफलीची गोष्ट निराळी. तिथे आपण इतिहासाचे पैसे देतो आणि ते तसे उघडपणे सांगितलेही जाते.

सर्वांत विचित्र भाग मला वाटला तो ‘न वापरलेल्या’ नगाच्या चढ्या भावाचा. सत्तरच्या दशकात काही एअर रायफलींच्या दट्ट्यांवर हवा निसटू नये म्हणून जे कृत्रिम पदार्थाचे सील बसवले जात, ते एकही छर्रा न उडवता, केवळ वयाने विरते. त्यामुळे मूळ खोक्यात, कागदपत्रांसह, जपून ठेवलेली रायफल आतून निकामी असू शकते आणि रोज वापरून सील बदललेली रायफल धडधाकट, तरी भाव पहिलीलाच अधिक. घेणार्‍याने निदान ती उघडून दाखवायला सांगावे. पण उघडली की ‘अस्पर्श’पणा गेला, म्हणून विकणारा तयार होत नाही.

बर्मिंगहॅमच्या त्या गृहस्थांकडे त्या काळातील अशी एक जर्मन रायफलही होती. त्यांनी धीर करून ती उघडली, तेव्हा सिलिंडरमधून मेणासारखा पिवळट भुगा निघाला. नवे सील काही पौंडांत मिळाले आणि रायफल चालू लागली, मात्र मूळ भाग बदलल्यामुळे तिचा भाव उतरल्याचे त्यांनी मला हसत हसत सांगितले. तो भुगा त्यांनी टाकून दिलेला नाही. प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत भरून, वर तारीख घालून, पुढच्या गिर्‍हाइकासाठी तो मूळ खोक्यात ठेवला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम फोरमन, चिंचवड