गजर कुणासाठी होता?

महोदय,

आपल्या पुरवणीत नवउद्योजकांच्या मुलाखती येतात, त्या मी नेमाने वाचते. प्रत्येक मुलाखतीत ‘कल्पना कशी सुचली?’ हा प्रश्न असतोच. ज्याची अडचण तुम्ही सोडवायला निघालात, त्याच्या शेजारी किती वेळ बसला होतात, हे मात्र कुणी विचारत नाही. मला हे खटकतं, कारण हाच प्रश्न मला कुणी वेळेवर विचारला असता तर माझी तीन वर्षं आणि बरीचशी बचत वाचली असती.

मी इलेक्ट्रॉनिक्सची माणूस. प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करण्यात नोकरी गेली. निवृत्तीला अवकाश असतानाच नोकरी सोडली आणि एक डबी बनवली. वृद्ध माणसं औषधाच्या गोळ्या विसरतात, म्हणून चार कप्प्यांची, वेळ झाली की वाजणारी डबी. झाकण उघडेपर्यंत दर दोन मिनिटांनी गजर, शेजारी लाल दिवा, आणि झाकण कधी उघडलं याची आत नोंद. सर्किट माझं स्वतःचं होतं आणि आजही मला त्याचा अभिमान आहे. प्लॅस्टिकचा साचा करून घेतला. साचेवाल्याने किमान पाचशे नग घ्यावे लागतील असं सांगितलं, मी घेतले.

आधी चौकशी केली नव्हती असं नाही. साठेक घरांत फिरले होते. ‘तुमच्याकडे गोळ्या घ्यायच्या विसरतात का?’ असं विचारलं, आणि बहुतेकांनी ‘हो’ म्हटलं. आता तो प्रश्न आठवला की हसू येतं. उत्तर मी प्रश्नातच घालून दिलं होतं. शिवाय विचारलं कुणाला, तर मुलांना, सुनांना, लेकींना. डबी विकत घेणारे ते होते, गोळी गिळणारं माणूस आतल्या खोलीत होतं.

दीडशेच्या वर डब्या गेल्या आणि मग मागणी थांबली. एका घरून डबी परत आली, ‘नको आहे’ एवढ्याच निरोपासह. मी ती तारेने संगणकाला जोडून आतली नोंद पाहिली. सात आठवड्यांत एकही नागा नव्हता! इतकी चोख चालणारी वस्तू परत का आली, हे विचारायला त्या घरी गेले.

आजी एकट्याच होत्या. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे धरलेले, बोलणं मात्र खणखणीत. डबीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ‘वाजली की झाकण उघडायचे आणि बंद करायचे. गप्प बसायची बिचारी.’ मग त्यांनी कपाटातून पावडरचा रिकामा डबा काढून माझ्यासमोर उपडा केला. आत गोळ्या होत्या. सगळ्या एकाच प्रकारच्या, पांढऱ्या, छोट्या.

‘विसरत नाही गं मी,’ त्या म्हणाल्या. ‘मुद्दाम घेत नाही.’

ती लघवीची गोळी होती. सकाळी घेतली की दुपारपर्यंत चार-पाच वेळा उठावं लागे, आणि त्या गुडघ्यांनी खुर्चीतून उठून मोरीपर्यंत जायचं म्हणजे प्रत्येक वेळी पडायची भीती. बाहेर जायचं असेल तर प्रश्नच नको. म्हणून ज्या दिवशी बाहेर जायचं त्या दिवशी गोळी डब्यात. पुढे पुढे घरी असतानाही डब्यातच. मुलाला सांगितलं नाही, कारण तो रागावला असता. ‘विसरले’ म्हटलं की घरात कुणी रागावत नाही, उलट कीव करतात.

माझ्या साठ घरांतल्या ‘हो’चा अर्थ मला तिथे, त्या स्टुलावर बसल्यावर कळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलं आहे की दीर्घकालीन आजारांत विकसित देशांतलेही सुमारे निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. हा आकडा मी माझ्या माहितीपत्रकावर ठळक छापला होता. तो अहवालच पुढे औषध न घेण्याच्या नाना कारणांबद्दल बोलतो: त्रास, भीती, खर्च, औषधावर विश्वास नसणं. मी आकडा घेतला आणि कारणं सोडून दिली. विसरण्यावर माझ्याकडे सर्किट होतं ना!

आजींचं पुढे काय झालं? त्यांच्या परवानगीने मुलाशी बोलले, त्याने डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली. दहा मिनिटांचं काम. त्यात माझ्या डबीला जागाच नव्हती, आणि ही गोष्ट पचवायला मला सर्वांत जड गेली. अडचण नीट समजली की कधी कधी कळतं, इथे धंदाच नाही. म्हणूनही आपण ती फार खोलात समजून घ्यायला जात नसू.

हे सगळं आता लिहिण्याचं निमित्त म्हणजे अलीकडेच एका विद्यार्थी स्पर्धेत मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. बावीस प्रकल्प, प्रत्येकाला पाच मिनिटं. पहिल्या अर्ध्या मिनिटात अडचण उरकायची आणि उरलेल्या साडेचार मिनिटांत उपाय, बाजारपेठ, नफा. गुणपत्रिकेत नावीन्याला गुण, सादरीकरणाला गुण. अडचण खरी आहे का, याला रकानाच नाही. आंधळ्यांसाठी काठी करणाऱ्या एका चुणचुणीत मुलाला मी विचारलं, ‘काठी वापरणाऱ्या माणसाबरोबर किती चाललास?’ तो म्हणाला, ‘मॅडम, आम्ही डोळ्यांना पट्टी बांधून स्वतः चाललो.’ टाळ्या पडल्या. तो दुसरा आला.

बक्षिसांनी भल्याभल्यांची दिशाभूल केली आहे. दक्षिण आफ्रिकेत मुलांच्या खेळण्याच्या गोल चक्राला पाण्याचा पंप जोडण्याची कल्पना निघाली, ‘प्लेपंप’. मुलं खेळतील, पाणी वर चढेल. ऐकायला इतकं गोड की २००० मध्ये जागतिक बँकेच्या स्पर्धेत तिला पुरस्कार मिळाला आणि २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. २००९ मध्ये एका ब्रिटिश दैनिकाने साधा हिशेब मांडला: एका पंपावर ठरवलेल्या अडीच हजार माणसांना रोज प्रत्येकी १५ लिटर पाणी द्यायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ते चक्र बायकाच ढकलत होत्या, आणि साधा हातपंप यापेक्षा परवडला असं म्हणत होत्या. त्या बायकांना आधी कुणी विचारलं होतं का, याचा अंदाज आपणच करावा.

यावर हमखास एक उत्तर येतं: ग्राहकाला काय हवं ते त्यालाच कळत नसतं, विचारत बसलात तर काहीच नवं घडणार नाही. पहिला भाग मला मान्य आहे. मी साठ घरांत विचारलंच होतं की! म्हणून तर नुसतं विचारून भागत नाही, पाहावं लागतं. केनियात २००५ मध्ये मोबाइलवरून छोट्या कर्जांचे हप्ते फेडण्याची सोय करून पाहिली गेली. ती वापरणारी माणसं हप्त्यांपेक्षा वेगळंच करू लागली, एकमेकांना पैसे पाठवू लागली. चालकांनी त्यांना ‘चुकीचा वापर’ म्हणून अडवलं नाही. २००७ मध्ये हीच सोय ‘एम-पेसा’ म्हणून सर्वांसाठी सुरू झाली ती ‘घरी पैसे पाठवा’ याच सांगण्यावर. वस्तू बनवूच नये असं माझं म्हणणं नाही. माझी डबी नसती तर आजींच्या घरात मला कुणी घेतलंही नसतं. पण त्यासाठी पुठ्ठ्याची एक डबी पुरली असती. साचा नंतर करायचा होता.

तेव्हा एक विनंती. पुढच्या मुलाखतींत एक प्रश्न वाढवावा: ‘सुरुवातीला तुम्हाला अडचण काय वाटली होती आणि प्रत्यक्षात ती काय निघाली?’ दोन्ही उत्तरं एकच आली तर तीही छापावीत, वाचक काय ते समजतील.

माझ्याकडच्या तीनशेच्या वर डब्या अजून माळ्यावर आहेत. बटणं, सुया, स्क्रू ठेवायला उत्तम. कुणाला हव्या असल्यास गजर काढून देईन.

आपली,
एक नियमित वाचक