अंगणवाडीताई, त्या पुसलेल्या फरशीबद्दल

ताई,

समोर आभार मानले असते तर ‘त्यात काय एवढं’ म्हणत तुम्ही पुढच्या घरी निघून गेला असतात. म्हणून जाहीर लिहितेय.

माहेरी आले तेव्हा लेक सव्वा वर्षाची होती आणि ताट दिसलं की तोंड फिरवायची. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तासन्‌तास ताटकळल्यावर डॉक्टरांनी मान वर न करता भुकेचं टॉनिक लिहून दिलं होतं. दूध किती पिते, एवढंही विचारलं नाही. नातेवाइकांचं तर बोलायलाच नको. जो येईल तो तिचा दंड चाचपून ‘अंगच धरत नाही गं पोरगी’ म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा.

तुम्ही आधी तिचं वाढीच्या नोंदींचं कार्ड मागितलंत. वजन केलंत, ठिपका दिलात, मागचे ठिपके जोडलेत. “रेघ वर चाललीय, हिरव्या पट्ट्यात आहे. मग रडतेस कशाला?” पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं, मग भूक तेवढीच कशी राहील? इतकी साधी गोष्ट, पण तोवर एकाही शहाण्यानं सांगितली नव्हती. दुधाच्या बाटल्यांनी पोट भरतं आणि दुधात लोह नसल्यासारखंच, म्हणून दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, तेही पेल्यानं. जेवणाच्या तोंडावर बिस्कीट नाही. वरणभात चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट, वर तूप. अंडं, नाचणी, पालेभाजी आलटूनपालटून. काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते तिनं.

हे सगळं कुणी ना कुणी कधीतरी सांगितलं असतंही. पण नंतर तुम्ही जे केलंत ते कुणी केलं नसतं.

मोबाइल उचलून फळीवर ठेवलात, तिला जमिनीवर बसवलंत आणि वाटी पुढ्यात सरकवलीत. तिनं पाची बोटं भातात घातली. थोडा तोंडात, थोडा केसांत, बाकी फरशीवर. आजी कडाडली, “अन्नाची नासाडी नुसती!” मी उठणार तोच तुम्ही माझा खांदा दाबून खाली बसवलंत, मोरीजवळचं फडकं आणलंत आणि स्वतः फरशी पुसलीत. “बरबटू दे गं हात. तोंडाची वाट सापडायला वेळ लागतो.” आजी एकदम गप्प. पाहुणी बाई फरशी पुसतेय म्हटल्यावर बोलणार काय? त्या दिवसापासून आमच्या घरात सांडण्यावरून कुणी आवाज चढवलेला नाही.

तुम्हाला पगार नाही, मानधन आहे. वजनं, पोषण आहार, पोलिओचे डोस, सर्वेक्षणं, शिवाय मोबाइलवरच्या त्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर माहिती भरणं, सगळं त्यातच. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा ‘यांना काम तरी काय असतं’ म्हणणारे आमच्या सोसायटीतही होते. त्यांना हे पत्र आवर्जून पाठवणार आहे. एवढ्या धबडग्यात परक्या घरात फडकं हातात घेणारी माणसं आहेत, म्हणून पोरं वाढतात. टॉनिकच्या चिठ्ठ्यांवर नाही.

लेक आता पोळीचा तुकडा वरणात बुडवून स्वतः खाते. कधी दोन घास, कधी आख्खी पोळी. मी मोजत नाही. टॉनिकची बाटली सीलबंद पडून आहे. पुढच्या महिन्यात गावी येतेय, वजनाचा दिवस कोणता ते तेवढं कळवा.

तुमच्या रजिस्टरातली,
‘पाहुणी’ म्हणून नोंदवलेल्या मुलीची आई