बाळ्या, बेस घ्यायचाय

प्रिय बाळ्या,

पिंट्याने आपल्या बँडची परत मोट बांधली. दादा आला, पिंट्या आहेच, आणि 'तो'सुद्धा आला. आता वेळेवर येतो, विश्वास ठेव. दोन गिटारी नकोत यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि बेस गिटार माझ्या गळ्यात पडली. तुझा बेस. घरी सांगितलं तर "म्हणजे दोन तारा कमी, सोपंच असेल" एवढंच ऐकायला मिळालं. म्हणून तुला लिहितोय.

तब्येती ठीक. आईचा गुडघा बरा, माझी पाठ मधूनमधून. झालं.

पहिल्या तालमीला दादाने कुणाकडून तरी बेस मागून आणला होता. पिंट्याची किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका, आणि माझी खर्जाची तार नेमकी एका क्षणी पडली, तेव्हा छातीत जे काही झालं ते तू इतकी वर्षं एकटाच भोगत होतास आणि आम्हाला कधी नीट सांगितलं नाहीस, याचा मला खरंच राग आला. गिटार वाजवताना मी एखादा ठोका सोडला तरी गाणं चालत राहायचं. इथे मी थांबलो की सगळेच अधांतरी. तो बेस मालकाकडे परत गेला. आता स्वतःचा घ्यायचाय, आणि डोक्यात दुसरं काही नाही.

पैसे बेताचे आहेत. शिकाऊ पोरांच्या पहिल्या बेसपेक्षा चांगला येईल एवढे आहेत, पण तू काचेला नाक लावून ज्याच्याकडे बघत बसायचास त्याच्या जवळपासही नाहीत. त्यातच अँप, पट्टा, केबल आणि सेटअप, म्हणजे वाद्याची नीट जुळवणी. गिटारच्या अँपवर बेस लावायचा नाही, हे सांगू नकोस. पिंट्याच्या काकांचा स्पीकर मी विसरलेलो नाही, आणि काका तर मुळीच नाहीत.

पाच तारांचं तुझं पालुपद आधीच निकालात काढतो. खालच्या बी तारेचा सूर ३१ हर्ट्झच्या आसपास, चार तारांतल्या ई तारेचा ४१. माझ्या बजेटमधल्या छोट्या अँपमधून ई तारेचा मूळ सूरच धड बाहेर येत नाही, ऐकू येतात ते बरेचसे वरचे स्वरांश. मग आणखी खाली जाऊन काय करू? शिवाय कमी पैशांतल्या पाच तारांच्या बेसवर ती बी तार सैल, लुळी लागते. तुझी नव्हती लागत, मान्य. आपली गाणी चार तारांत बसतात, विषय संपला.

खरा घोळ पुढे आहे. दुकानात बऱ्याच नव्या बेसांवर हात फिरवला. यामाहाचा टीआरबीएक्स ३०४ फार नीट बांधलेला वाटला. नेक, म्हणजे बोटं फिरतात ती मान, सडपातळ, हात आपोआप पळतो. पण तो ॲक्टिव्ह, पोटात ९ व्होल्टची बॅटरी, आणि केबल लावून ठेवली की ती झिजत राहते. आपल्या तालमीनंतर केबल कोण काढतो ते तुला माहीत आहे. आयबानेझच्या एसआरचा नेक त्याहूनही हलका लागला. स्क्वायरचा जॅझ बेससुद्धा वाजवला. नटपाशी, म्हणजे मुंडक्याजवळ तारा टेकतात तिथे, रुंदी जेमतेम ३८ मिलिमीटर, माझ्या बोटांना तो लगेच आवडला आणि मला तुझी आठवण झाली. जॅझ बेसवाला जॅको पास्टोरियस! जॅको, जॅको करत तू किती डोकं खाल्लंस! पण आपल्या तालमीच्या खोलीतले दिवे आणि त्यांनी स्पीकरमध्ये येणारी गुणगुण आठव. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप (तारांची थरथर टिपणारे चुंबक) सारखे उघडे असले की गुणगुण मिटते, एक जरा कमी केला की पुन्हा सुरू. नेहमीच्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा हा स्वभावच आहे. फेंडरच्या प्रिसिजन बेसचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांचा झाला, आणि ते दोन तुकडे एकमेकांची गुणगुण खातात. एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. ढोल आणि गिटार यांच्यामधली जागा तो न भांडता पकडतो. मोटाउनच्या जेम्स जॅमरसन या बेसवादकाने १९६२चा प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा आणि एकटी तर्जनी यांच्यावर काय काय केलं ते तूच मला ऐकवलंस, आणि शेवटी बाजू मात्र जॅकोची घेतलीस. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही.

तर, एक वापरलेला बेस मिळतोय. प्रिसिजनच्या जातीचा. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, तू नावावरूनच निकाल देशील. तू शिकवलं होतंस तसं आधी अँपला न जोडताच वाजवला. बॉडी पोटाला टेकली होती, ती थरथरलेली स्पष्ट कळली. नेकच्या टोकाकडून डोळा लावून पाहिलं, पीळ नाही. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तार दाबून मधली फट बघितली, हवी तेवढीच. नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई, ट्रस रॉड, दोन्हीकडे फिरते, मालकासमोर पाव फेरा फिरवून पाहिली. फ्रेटची टोकं बोटाला टोचत नाहीत. बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळले. पट्टा लावून हात सोडला तर मुंडकं खाली गेलं नाही. नॉब जरा खरखरतात, ते साफ करता येतील. वजन चार किलोच्या वर, पाठीबद्दल वर लिहिलंच आहे. किंमत अशी की उरलेल्या पैशांत बऱ्यापैकी अँप, नव्या तारा आणि चांगल्या माणसाकडून सेटअप, सगळं बसतं. नव्यापैकी कुठलाही घेतला तर अँपसाठी काही महिने थांबावं लागेल, आणि हेडफोनवर बेस वाजवून पिंट्याची किक कशी सापडणार?

आता अडलंय ते इथे. जी तारेच्या सहाव्या फ्रेटवर सूर मरतो. ठोका नीट लागतो, आणि मग कुणीतरी हात ठेवल्यासारखा आवाज विझतो. पाचवा ठीक, सातवा ठीक, मधला हा एकटा. अ‍ॅक्शन (तारांची उंची) वर करून पाहिली, तार बदलून पाहिली, फरक नाही. नेकच स्वतःच्या कंपनात त्या सुराची ताकद पिऊन टाकतो, हे मला कळतं. स्क्रूने बसवलेल्या लांब नेकच्या बेसवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असं बरेचदा होतं, हेही माहीत आहे. सेटअपने ते जात नाही. मुंडक्याला वजनदार चिमटा लावला तर ती जागा थोडी सरकते म्हणतात, पण मग शेजारचा सूर मेला तर?

तुझ्या बेसला, काळ्यालाही हे होतं. तू तो सी शार्प नेहमी डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर घ्यायचास, आणि आम्हाला वाटायचं ती तुझी ढब आहे. दादा अजून तुझ्या त्या उडीचं कौतुक करतो. मी त्याला काही सांगितलेलं नाही.

म्हणून तुलाच विचारतो. सवय होते का रे त्याची? की दर वेळी बोट तिथे जाताना मनात खुपतं? आपल्या संथ गाण्यात, तुला माहीत आहे कोणत्या, दुसऱ्या कडव्याआधी तो सूर पूर्ण चार मात्रा धरायचा आहे. अकराव्या फ्रेटवर तो जाड, गोल लागतो. मला तो खाली सहाव्यावरच, मोकळा हवाय. एका सुरासाठी बाकी सगळा चांगला बेस सोडायचा का? माझं मन घ्यायच्या बाजूने आहे. नेक हातात बसतो, आवाज आपल्याला हवा तो आहे, आणि आणखी शोधत बसलो तर तालमी अशाच मागून आणलेल्या बेसवर चालतील. पण तू नको म्हणालास तर नाही घेणार.

वहिनींची बदली टळली हे दादाकडून कळलं, फार बरं झालं. धाकटीचा हात प्लास्टरमधून सुटला का? घराचं काय ठरलं तेही लिही, त्यावर बोलायचं आहे, पण पुढच्या पत्रात.

मालकाने रविवारपर्यंत थांबतो म्हटलंय. त्याआधी उत्तर दे. आणि काळ्या तू खरंच विकलास की माळ्यावर आहे, हेही एकदाचं खरं सांग.

तुझा,
बंड्या