हूडवरची तारीख कळव

तासगाव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू तडकाफडकी फोन ठेवलास, त्यावर काही लिहिणार नव्हतो. नवी प्रयोगशाळा, खोली मिळाली, सायकल घेतलीस, एवढं ऐकून गप्प बसायचं ठरवलं होतं. पण 'दिवसभर एक्स्ट्रॅक्शन केलं, डोकं जड झालंय' असं तू बोलून गेलीस, ते काही मनातून जाईना.

म्हणून कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या सरांना गाठलं. किड्यातली चरबी काढायला दोन भाग क्लोरोफॉर्म, एक भाग मिथेनॉल, १९५७ सालची फोल्चची पद्धत, सगळं सांगितलं त्यांनी. क्लोरोफॉर्म यकृताला बाधतं. तुम्ही घालता ते पातळ निळे हातमोजेही त्याला अडवत नाहीत, बघता बघता आत पाझरतं. हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

बागेत ब्लोअरनं औषध मारताना तोंडाला नुसता रुमाल बांधणाऱ्यानं मला शिकवू नये, असं म्हणालीस. माझं सोड. तो रुमाल अण्णाच्या लग्नापासून गाजतोय, तो तुझ्या आईकडं राहू दे.

शेडवर बेदाण्याचं काम जोरात आहे. डिपिंग ऑईलचा कॅन उघडला की तू आठवतेस. एथिल ओलिएट म्हणजे चरबीच्याच घराण्यातलं, हे तूच सांगितलंस. द्राक्षाच्या सालीवरचं मेण पाणी आत धरून ठेवतं, ते ऑईलनं आणि पोटॅशियम कार्बोनेटनं सैल होतं, म्हणून माल पंधरवड्यात वाळतो. किड्यांच्या अंगावरही तसाच मेणाचा थर असतो, म्हणून ते उन्हात सुकून मरत नाहीत. तेव्हापासून द्राक्षावरच्या मिलीबग किडीच्या पांढऱ्या पिठाकडं मी जरा आदरानं बघतो. औषध वाया जायचं ते जातंच.

तुझं हे वेड मळ्यातल्या कडुनिंबाखाली लागलं. वळीव झाला की रात्री आम्ही फांद्या झोडून हुमणीचे भुंगे रॉकेलच्या पाण्यात टाकायचो, तू बॅटरी धरायचीस. पुढं उसाच्या बुडातून निघालेली एक अळी ब्लेडनं कापलीस. आत सगळं पांढरं. "आबा, किड्याला चरबी कशाला लागते?" मला उत्तर येईना. तात्या म्हणाले, पोरीला झोपवा आता.

उत्तर तूच दिलंस, २०२० साली टोळ विदर्भात उतरले तेव्हा, टीव्हीसमोर बसून. उडताना टोळ आधी रक्तातली साखर, ते ट्रेहॅलोज, जाळतो. मग मेंदूमागच्या ग्रंथीतून दहा अमिनो आम्लांचं एक संप्रेरक सुटतं, मेदपिंडातली, म्हणजे किड्याच्या चरबीच्या कोठारातली, चरबी बाहेर पडते आणि लायपोफोरिन नावाचं प्रथिन ती पंखांच्या स्नायूंपर्यंत पोचवतं. तिथं उतरवून पुन्हा भरायला मागं फिरतं, कारखान्यावर ऊस टाकून फडात परतणाऱ्या ट्रॉलीसारखं. तात्या शेवटपर्यंत भावकीत सांगत होते, आमची नात टोळाच्या ट्रॉलीवर पीएचडी करते. तुझ्या पेपरचं पहिलं पान मी लॅमिनेट करून शेडवर लावलंय. व्यापारी दर ठरवायचा सोडून ते वाचत बसतात, कळत कुणालाच नाही.

त्या दिवशी आणखी एक म्हणालीस: मेदपिंड म्हणजे नुसती साठवण नाही, किड्याच्या यकृताचं कामही तेच करतं. मनू, किड्याच्या यकृताची एवढी काळजी, आणि तुझं? आलो बघ फिरून तिथंच.

सर म्हणाले, २००८ पासून क्लोरोफॉर्मऐवजी एमटीबीई नावाचं दुसरं द्रावक घेऊनही चरबी काढतात, तिचा थर वर येतो, घ्यायलाही सोपा. तुझ्या मॅडमना विचार, नवीन आहे म्हणून भीड धरू नकोस. हूडची, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या त्या कपाटाची, काच खाली ओढून काम कर. पंख्याचा आवाज येतो म्हणजे हवा ओढली जाते असं नाही, कागदाची पट्टी धरून बघायची. हातमोज्यावर थेंब पडला की लगेच बदलायचे. जेवण त्या खोलीत न्यायचं नाही.

पीएचडी झालेल्या मुलीला हूड शिकवतोय मी. राग मानू नकोस. एवढ्या लांब, एकटीनं, त्या थंडीत तू उभी राहिलीस, आमच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. पण लांब आहेस म्हणूनच भीती वाटते. इथं असतीस तर येऊन नाकानं वास घेतला असता.

अण्णाच्या मित्राबरोबर हिरवा बेदाणा पाठवतोय, लांब मण्याचा. रविवारी आई फोनवर येईल. तिला फक्त डोकेदुखी माहीत आहे, क्लोरोफॉर्म नाही, तेवढं सांभाळ. मला मात्र कळव, हूड शेवटचा कधी तपासला होता. त्यावर तारखेचं स्टिकर असतं म्हणे, त्याचा फोटो पाठव.

तुझे,
आबा