गायमुखच्या उतारावर थांबलेल्या टेम्पोचालक काकांस

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

त्या संध्याकाळी आपले नाव विचारण्याचेही भान मला राहिले नाही, म्हणून हे पत्र असे जाहीरपणे लिहीत आहे. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा घाट उतरताना माझ्या पेट्रोल गाडीचे इंजिन अचानक बंद पडले आणि मी घाबरून ब्रेक दाबत-सोडत राहिलो. चौथ्या खेपेस पेडल दगडासारखे घट्ट झाले, तेव्हा ब्रेकच गेले असे मी समजलो. मागून ब्रेकचे दिवे लुकलुकताना पाहून आपण काय ते ओळखलेत आणि टेम्पो शेजारी आणून ओरडलात, "सोडू नका, जोर लावून दाबून धरा! चावी काढू नका!" सारा भार पायावर टाकला तेव्हा गाडी थांबली.

चाकाखाली दगड लावून झाल्यावर आपण पाण्याच्या रिकाम्या बाटलीतली हवा तोंडाने ओढून ती चेपवून दाखवलीत, आणि मग बूस्टर, म्हणजे ब्रेक दाबताना पायाला मदत करणारा डबा, समजावलात. त्या डब्यात रबरी पडदा असतो. पेट्रोल इंजिन स्वतःसाठी हवा ओढताना डब्यातलीही हवा खेचून घेते, आणि पेडल दाबताच पडद्याच्या एका बाजूस बाहेरची हवा शिरून पायाला जोर देते. (घरी हिशेब केला: पडदा नऊ इंचांचा आणि दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो धरला, तर हा रेटा २५० किलोंहून अधिक भरतो!) इंजिन बंद पडले तरी एकमार्गी व्हॉल्व्हमुळे दोन-तीन वेळा पुरेल एवढी निर्वात पोकळी डब्यात उरते, ती मी पेडल सोडून-सोडून उधळली होती. पेडलापासून चाकापर्यंतचे ऑइल मात्र जागच्या जागी होते, म्हणजे ब्रेक शाबूत होते, फक्त मदतनीस निघून गेला होता. आपल्या डिझेल टेम्पोत पोकळीसाठी वेगळा पंप असतो, पण इंजिन थांबले की तोही थांबतो, हेही आपण सांगितलेत. चावी काढली असती तर स्टिअरिंग लॉक झाले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

गाडी शिकताना यातले अवाक्षर कोणी सांगितले नव्हते. आपण शिकवलेली तपासणी आता दर रविवारी करतो: इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचे, पाय तसाच ठेवून गाडी सुरू करायची. पेडल किंचित खाली गेले, की बूस्टर ठीक आहे.

चहाचे पैसेही आपणच दिलेत, ते माझ्याकडे बाकी आहेत.

आपला ऋणी,
कासारवडवलीचा एक गाडीचालक